देवाच्या वाटणीचा घोट

आमच्या घरात दारू दोन प्रकारची होती. एक बाजारची, ती वाईट. दुसरी घरची, आणि ती दारूच नव्हे. असं कुणी कधी तोंडानं बोलून दाखवलं नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि मलाही ते ठाऊक होतं. बाजारची म्हणजे लाखनीच्या रस्त्यावरच्या दुकानातली, बाटलीतली. तिच्यापायी बाबा नालीत पडत, मायवर हात उगारत, दुसऱ्या दिवशी डोळे चुकवत फिरत. घरची म्हणजे आत्याच्या हातची, मोहफुलांची. ती बाळंतिणीला देत, सर्दीपडशाला देत, दिवसभर चिखलात रोवणी करून आलेल्या माणसाला आंगदुखीवर देत. तिच्यावर राग धरायचा म्हणजे हळदीवर किंवा ओव्यावर राग धरण्यासारखं होतं. आता साठी ओलांडल्यावर हे लिहायला बसले आहे तर मलाच हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. हमरस्त्यापासून आत, लाखनी आणि साकोली यांच्या मध्ये आमचं गाव, आणि घराच्या मागे तलाव. पुढून ट्रकांचा आवाज आणि मागून पाणकोंबड्यांचा, अशा दोन आवाजांच्या मध्ये मी वाढले. अंगणात बांबूवर जाळी वाळत घातलेली असत आणि त्यांचा ओला, शेवाळी वास कपड्यांना, केसांना, शाळेच्या पुस्तकांनाही लागे. फाल्गुन-चैतात त्यात मोहफुलांच्या वासाची भर पडायची. आत्या झुंजूमुंजू होताच टोपली घेऊन निघे, आणि ऊन चढायच्या आत अंगणभर फुलं पसरलेली असत. आधी पिवळसर, मग दोन-तीन उन्हांनी तांबूस, मनुकांसारखी. त्या गोड वासानं नवख्या माणसाचं डोकं भणभणतं. आम्हाला तो घराचाच वास वाटे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हा ती माहेरी आली आणि राहिली. बाबा, माय, मी आणि आत्या असं आमचं घर होतं, आणि गल्लीच्या पलीकडे काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. माय टोपलीत मासळी घेऊन गावोगाव विकायला जाई, त्यामुळे रांधणं आत्याकडे असे. उकड्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, आणि झिंगे, म्हणजे तळ्यातली कोळंबी, मिळाले असतील तर आंबाडीत शिजवलेले झिंगे. चुलीवरच्या त्या झिंग्यांची चव मला पुढे कुठेही मिळाली नाही, नोकरीत एवढी गावं फिरले तरी. आत्या फार कमी बोले. तिचं प्रेम ताटात दिसायचं, आणि बाबांच्या बाबतीत संध्याकाळच्या कपात. बाबा तलावावरून आले की ती कान तुटलेल्या कपात बोटभर ओतून त्यांच्यापुढे ठेवी आणि म्हणे, "घे, आंग दुखत असन."

बाबांसारखं फेकजाळं आमच्या पंचक्रोशीत कुणी फेकत नसे. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, त्यांच्यावर जळणारेही कबूल करत. कमरेतून वळून जाळं सोडलं की ते हवेत उघडायचं आणि पाण्यावर गोल पडायचं, कडेच्या शिशाच्या गोळ्या एकाच वेळी चुबुक्क करून बुडायच्या. घरी येताना खांद्यावरच्या त्या गोळ्या खुळखुळत. खुळखुळ नीट तालात आली तर बाबा शुद्धीत आहेत. फरफटत आली तर माय मला डोळ्यांनी खूण करी आणि मी पुस्तकं उचलून काकांकडे जाई. मी बारावीत गेले त्या वर्षी खुळखुळ जवळजवळ रोजच फरफटत येऊ लागली होती.

मग एक दिवस बाबांचं जाळं उघडलंच नाही. मी धुणं धूत होते, समोरच्या बाजूला बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी जाळं फेकलं आणि ते गोळा होऊन, ओल्या लुगड्यासारखं, त्यांच्या पुढ्यातच पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तसंच. काठावर बसलेले दोघंतिघं हसले. बाबांनी हात वर करून स्वतःच्या डोळ्यांपुढे धरले आणि नुसते पाहत राहिले. हात कापत होते, ते मला एवढ्या लांबून दिसलं. बाबांनी मायला मारलं तेव्हाही मला त्यांची जितकी भीती वाटली नव्हती, तितकी त्या वेळी वाटली.

लाखनीला ज्या शाळेत मी शिकत होते तिथे एक गुरुजी होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी मला पुढे ज्या बैठकीला बोलावलं तिचा तसा नियम होता आणि तिथली बरीच माणसं आता हयात नसली तरी मी तो मोडणार नाही. गुरुजी मराठी शिकवत. कधीकाळी ते शाळेतच पिऊन येत, एकदा झेंडावंदनाला पडले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि आता पीत नाहीत, हेही माहीत होतं. पण कसे सुटले, हे त्यांना कुणी विचारत नसे. मी विचारलं. तास संपल्यावर मुली बाहेर गेल्या तशी मी टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "गुरुजी, तुमची कशी सुटली?"

आज विचार करते तर वाटतं, एवढी हिंमत मला आली कुठून. गुरुजी रागावले नाहीत. बोटांवरचा खडू झाडत म्हणाले, "घरी कोण आहे?"

"बाबा."

"सोडायची कोणाची इच्छा आहे? त्याची का तुही?"

"माझी."

"मंग तूच ये आधी. रविवारी दुपारी, शाळेच्या मागच्या खोलीत. त्याले वाटंल तवा तो येईन."

मी गेले आणि माझी घोर निराशा झाली. मला वाटलं होतं, काहीतरी पुडी मिळेल, जेवणात कालवायची. नाहीतर शपथ असेल, अंगारा असेल. तिथे लहान मुलांच्या पट्ट्या अंथरून सात-आठ माणसं मांडी घालून बसली होती, आणि एकेक जण आपलं सांगत होता. कुणी कुणाला उपदेश करत नव्हतं. एक ट्रक ड्रायव्हर होता, आडदांड, गळ्यात लाल रुमाल. लाखांदूरकडून दोन एसट्या बदलून येणारी एक बाई होती, ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून बसे. बाईमाणूसही पिते आणि सोडायला येते, हे मी पहिल्यांदा पाहत होते. बोलून झालं की चहा. एवढाच इलाज. परतताना एसटीत मी स्वतःशीच चरफडले की यासाठी मी धुणं सोडून आले होते.

पण एक गोष्ट मनात राहिली होती, ती मी रात्रीच्या जेवणाला बाबांना सांगितली. त्या दिवशी ते बऱ्यापैकी शुद्धीत होते. मी म्हटलं, त्या ड्रायव्हरचे हात एवढे कापत की चहाचा कप उचलता येत नव्हता, बशी जमिनीवर ठेवून तोंड खाली नेऊन प्यावा लागे.

बाबांचा घास हातातच राहिला. "आता थांबले का त्याचे हात?"

"थांबले."

"तू पाह्यलं?"

"त्यानंच मले चहा आणून देला. काठोकाठ भरला होता, थेंब नाही सांडला."

बाबांनी तो घास तोंडात घातला आणि जेवण उरकलं. पण पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा ते धुतलेला सदरा घालून दाराशी उभे होते. मायनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. ती आत जाऊन रडली हे मला फार वर्षांनी कळलं.

बाबा पहिले काही रविवार नुसते ऐकत बसले. मग एकदा त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी बाजारच्या दुकानाकडं ढुंकूनबी नाही पाह्यलं. मायची आन." माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते खरंच बोलत होते. नालीत पडणं बंद झालं होतं, मायची टोपली रोज वेळेवर निघत होती.

ड्रायव्हरनं विचारलं, "अना हात? थांबले का ते?"

"हात थोडे कापतेत. पण सांजेले घरचं घेतलं का मंग थांबतेत."

गुरुजी म्हणाले, "घरचं म्हणजे काय, भाऊ?"

"मोहाचं. बहिणीच्या हातचं हाये. आंगदुखीले," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्यांनी ते ओवा घेतो असं सांगावं तसं सांगितलं.

भिंतीकडे तोंड करून बसणारी ती बाई एकदम हसायला लागली. मी तिला त्याआधी बोलतानाही ऐकलं नव्हतं. ती हसत राहिली आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माह्याबी घरी हेच चाललं होतं वो. दोन वर्सं मी दारू सोडली मनत होती, अना सासूच्या हातचं मोह पेत होती."

गुरुजी हसले नाहीत. बाबांच्या जवळ सरकून बसले आणि म्हणाले, "भाऊ, ते दारूच होय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारावीला शास्त्र शिकत होते, मद्यार्क कसा तयार होतो याची आकृती मला पाठ होती. तरी त्या क्षणापर्यंत ती आकृती आणि आमच्या परसातली आत्याची मडकी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या. एसटीत बाबा खिडकीशी बसून बाहेरच्या धानाच्या बांध्या पाहत होते. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "तुह्या आत्याले कोन सांगन?"

बाबांनीच सांगितलं. आत्या अंगणात बसून वाळलेल्या फुलांतला काडीकचरा निवडत होती. तिनं उठून कप भरून पुढे ठेवला, पुन्हा निवडायला बसली, तेव्हा बाबांनी तो हातानं मागे सारला आणि म्हणाले, "बाई, आता मले हेबी नको."

"काहून?"

"बैठकीत मनतेत, हेबी दारूच होय."

आत्याचे हात थांबले. "माह्या हातचं इख हाये मनतेत का?"

"इख नाही मनत."

"तू जलमला तवा मायले मीच देलं होतं हे. तुही पोरगी झाली तवा तुह्या बायकोले देलं. आजवर कोनी मेलं का माह्या हातानं?" तिचा आवाज चढला नव्हता. आत्याचा आवाज कधी चढतच नसे. "सांग ना. मेलं का कोनी?"

मी आत्याजवळ जाऊन बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो खांद्यावरून पडेल एवढीच हालचाल केली. दोन दिवसांनी ती आपली मडकी, टोपल्या आणि गाठोडं घेऊन गल्लीपलीकडे काकांच्या घरी राहायला गेली. भांडण झालं नाही. जाताना चुलीवर आमच्यासाठी डाळ ठेवून गेली होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबांना घाम फुटे, ओकाऱ्या होत, भिंतीवर मुंग्या चालताहेत असं ते म्हणत आणि भिंतीवर काही नसे. मी पुढे आरोग्यसेविका झाले, तेव्हा शिकले की असं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टरच्या नजरेखालीच सोडावं लागतं. तेव्हा आम्हाला कुठलं कळायला. गुरुजींना कळत होतं, त्यांनी स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून बाबांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं. बाबा तिथून परतले ते अर्धे होऊन. पण हळूहळू हात थांबले. एका सकाळी ते पाण्यात उतरले, कमरेतून वळले आणि जाळं गोल पडलं. मी काठावर होते. शिशाच्या गोळ्यांचा तो एकसाथ आवाज ऐकून मी मोठ्यानं हसले, आणि बाबाही माझ्याकडे पाहून हसले. त्या सगळ्या वर्षातला सुखाचा म्हणावा असा तेवढाच दिवस मला आठवतो.

मग उन्हाळा आला आणि मोठ्या जाळ्याचा दिवस जवळ आला.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमच्या गावातले सगळे ढिवर मिळून मोठं जाळं ओढत. वर्षातून एकदाच. त्या दिवसाची मासळी सगळ्या घरांची, वाटे घालून घ्यायची. आणि जाळं पाण्यात जायच्या आधी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली जो शेंदूर लावलेला दगड आहे, त्या देवाला मोहाच्या दारूची धार द्यायची. हा मान आमच्या घराचा. आजोबांनी दिली, त्यांच्या मागे बाबांनी. पळसाच्या पानांच्या द्रोणातून देवापुढे धार सोडायची आणि द्रोणात उरलेला देवाच्या वाटणीचा घोट धार देणाऱ्यानं आधी प्यायचा. मग तो द्रोण पुन्हा भरून सगळ्यांत फिरे. तो घोट घेतल्याशिवाय जाळं ओलं करायचं नाही, अशी रीत.

काका सांगायला आले. बाहेरच उभे राहून म्हणाले, "दादा, धार तुलेच द्या लागते. लोकं इचारून राहिले, देईन का नाही."

"धार देईन," बाबा म्हणाले.

"अना घोट?"

बाबा जाळ्याचं भोक शिवत होते, ते शिवत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी तो प्रश्न खोलीत मांडला. आजवर त्या खोलीत मी बायकोचे, पोरांचे, नोकरीचे प्रश्न ऐकले होते. बाबांनी विचारलं, "देवाच्या वाटणीचा घोट, घोट होते का?"

ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या घरीही कुळाच्या देवाला लागते, तो त्या दिवशी गाडी घेऊन लांबची फेरी धरतो. गुरुजी म्हणाले, "मी बौद्ध माणूस, मी देव मानत नाही. म्हणून माह्या बोलण्याचा तुले राग येईन, भाऊ. पण घशाले समजत नाही कोणाच्या नावानं आला ते. मी एकदा मेलेल्या मित्राच्या नावानं घेतली होती एकच. मंग वर्षभर घेत राहिलो."

"नाही घेतली तं लोकं काय मनतीन?"

"ते तुले माहीत. मी तुह्या गावात राहत नाही."

तेव्हा लाखांदूरकडची बाई भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "धार तुमी द्या. पानाचा दोना दुसऱ्याच्या हाती द्या. देवाले धार भेटल्याशी मतलब."

बाबांना ते पटलं. मलाही पटलं. खोलीत बसून ते अगदी सोपं वाटत होतं.

त्या सकाळी सगळं गाव पाळीवर होतं. बायका टोपल्या घेऊन एका बाजूला, त्यात माय आणि थोडी बाजूला आत्या. दारू तिच्याच हातची होती, दर वर्षी असे तशी. बाबा आंघोळ करून, उघड्या अंगानं दगडापुढे बसले. काकांनी द्रोण भरून दिला. मी एवढी जवळ उभी होते की वास माझ्याही नाकात गेला, आमच्या जुन्या अंगणाचा वास. बाबांनी धार सोडली, अगदी सावकाश, एकसारखी. द्रोणात घोटभर उरलं. सगळे बाबांच्या हातांकडे पाहत होते. हात कापत नव्हते. मग त्यांनी द्रोण काकांच्या पुढे धरला.

काका घेईनात. त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडे पाहिलं. कुणी हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी काकांनी द्रोण घेतला आणि एका दमात रिकामा केला. बायकांमध्ये कुजबुज झाली. आत्या जमिनीकडे पाहत होती.

जाळं पाण्यात गेलं. दोन्ही काठांनी माणसं ओढू लागली, बाबाही त्यांत होते. अर्ध्यात आल्यावर जाळं अडलं. पाण्याखाली जुन्या झाडाचा बुंधा होता, दर वर्षी असे, दर वर्षी कुणीतरी बुडी मारून जाळं सोडवी. या वेळी बुडी मारेपर्यंत ते टर्रकन फाटलं. मोठमोठे रोहू आमच्या डोळ्यांदेखत उसळले आणि फाटक्यातून निघून गेले. ओरडाआरडा झाला. पाण्यात उभा असलेला एक म्हातारा कुणाकडेही न पाहता म्हणाला, "देव उपाशी राह्यला, बाप्पा."

कुणी बाबांना शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. होती ती मासळी पळसाच्या पानांवर वाटे करून मांडली. प्रत्येक वाटा उचलायला घरच्या कर्त्याच्या नावानं हाक मारतात, तशा हाका सुरू झाल्या. सगळ्यांच्या झाल्या. आमचा वाटा मांडलेला होता, पण बाबांच्या नावाची हाक झाली नाही. माणसं उठून चालू लागली तेव्हा मायनं खाली मान घालून तो वाटा टोपलीत भरला. मी बाबांना शोधलं, तर ते पाळीवर नव्हते.

दुपार झाली तरी ते घरी आले नाहीत. मायनं मासळी साफ केली नाही, चूल पेटवली नाही. उंबऱ्यात बसून म्हणाली, "गेला." एवढंच. ती कुठे गेला म्हणत होती ते मला सांगावं लागलं नाही. मी लाखनीची एसटी धरली. मला राग आला होता, देवाचा, गावाचा, गुरुजींचा, त्या लाखांदूरच्या बाईचा, सगळ्यांचा. एसटीतून उतरले ती सरळ दारूच्या दुकानात गेले. आत कळकट पडद्यामागे माणसं बाकांवर बसली होती. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "कोनाले पाह्यतं, पोरी?" मी बाबांचं वर्णन सांगितलं. दुकानदार म्हणाला, "आल्ता. भायेर उभा राह्यला बराच वेळ. मंग गेला."

मी बाकीच्या टपऱ्या पाहिल्या, स्टँड पाहिला. शाळेकडे मी जाणारच नव्हते, कारण तो रविवार नव्हता आणि शाळेला सुट्या लागल्या होत्या. दुसरं कुठलं ठिकाण उरलं नाही म्हणून गेले. मागच्या खोलीला भलंमोठं कुलूप होतं. पायरीवर बाबा बसले होते. पोटऱ्यांवर तलावाचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मी जवळ बसले आणि आधी वास घेतला. मासळीचा होता, चिखलाचा होता. दुसरा नव्हता.

"कुलूप हाये," मी म्हटलं.

"हो ना. पन पायरी तं हाये."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "विमे, देव उपाशी राह्यला मनतेत." आणि रडू लागले. मी बाबांना दारू पिऊन रडताना पुष्कळदा पाहिलं होतं. शुद्धीत रडताना पाहण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही. काहीतरी सांगायला हवं होतं असं अजून वाटतं, पण काय, ते अजूनही सुचत नाही. शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही त्या पायरीवर बसून राहिलो.

लोकांना वाटतं, दारू सुटली की घरात दिवाळी. आमच्या घरात शांतता आली आणि ती मला बरेच दिवस आवडली नाही. धारेचा मान काकांच्या घरी गेला. पुढच्या वर्षी मोठ्या जाळ्याला बाबांना कुणी बोलावलं नाही. लग्नात, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, जिथे चार माणसं द्रोण घेऊन बसत, तिथून बाबा उठून येत, आणि मग त्यांना कुणी बस म्हणेनासं झालं. जी माणसं त्यांना पाजत होती तीच त्यांच्याशी हसत-बोलत होती, दुसरी माणसं गावात होती कुठे. दारू सुटली तशी तीही सुटली. बाबा एकटे फेकजाळं टाकत, शिंगाडे लावत, आणि दर रविवारी धुतलेला सदरा घालून लाखनीची एसटी धरत. नव्यानं आलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारत असं मी ऐकलं आहे: "घरचं घेता का?" ते पुन्हा कधी प्याले नाहीत. आत्या गल्लीच्या पलीकडे राहत होती, सणावाराला डाळीचा गंज, म्हणजे पातेलं, भरून पाठवी, पण आमच्या अंगणात तिनं पाऊल ठेवलं नाही.

ठेवलं ते बाबा गेले त्या दिवशी. रोवणीचे दिवस होते, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी नोकरीच्या गावाहून आले तेव्हा त्यांना अंगणात घोंगडीवर ठेवलं होतं. गावची माणसं जमली होती. कुंपणापाशी पाच-सहा परकी माणसं वेगळी उभी होती, कोण म्हणून विचारलं तर म्हणत, "ओळखीचे." पांढऱ्या केसांचे गुरुजी त्यात होते. उचलायच्या आधी आमच्यात मेलेल्या माणसाच्या ओठांवर मोहाची धार सोडतात. काकांनी बाटली आणली आणि द्रोणात ओतली. मला ओरडावंसं वाटलं, पण लग्न होऊन गेलेल्या लेकीचं अशा वेळी कोण ऐकतं. मी मायकडे पाहिलं, ती बाबांच्या पायाशी डोकं टेकून होती.

तेवढ्यात गर्दीतून आत्या पुढे आली. पार वाकलेली, काठी टेकत. ती बाबांच्या उशाशी बसली आणि तिनं द्रोणावर आपला हात पालथा ठेवला.

"हे नको. पानी आन."

"बाई, रीत हाये," काका म्हणाले.

"रीत मले नको सांगू. माह्या हातचंबी सोडलं होतं त्यानं. तलावाचं पानी आन." आणि मग तिनं मान वर करून, जमलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं, "माहा भाऊ पेत नव्हता."

काकांनी द्रोण कुंपणाबाहेर ओतला, नवा द्रोण घेतला आणि मागच्या दारानं तलावाकडे गेले. पाणी आलं तेव्हा आत्यानं ते स्वतः सोडलं. तिचे हात कापत होते. थोडं पाणी बाबांच्या गालावरून कानात गेलं, ते तिनं पदरानं पुसून घेतलं.